सिनियरकडे बसू, विधी सेवेत जाऊ, की थेट कोल्हापूर गाठू?

लॉला आहे असं सांगितलं की सोलापुरात पुढचा प्रश्न ठरलेला: कुणाकडे बसतोस, म्हणजे इंटर्नशिपला कुठल्या वकिलाकडे जातोस? कॉलेज, वर्ष, मार्क हे सगळं नंतर. माझी आतेबहीण पाच वर्षांच्या कोर्सला तिसऱ्या वर्षात आहे. परवा ती वहीत चार ठिकाणं लिहून आली. एक, इथल्या जिल्हा न्यायालयात वर्षानुवर्षं दिवाणी काम करणारे सिनियर. दोन, गरजूंना मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तीन, हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचवर नेहमी काम असणारे एक वकील. चार, पुण्यातली लॉ फर्म, जिथे मैत्रिणीचा भाऊ आहे. "दादा, यातलं कुठलं?"

विद्यार्थी असताना यातल्या तीन प्रकारच्या ठिकाणी मी बसलोय. कोल्हापूरचं बेंच तेव्हा नव्हतं. तिथे आता पक्षकारांची कामं घेऊन जातो. तिला जे तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी नियम. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर करता येत नाही, आणि सगळ्या शिक्षणात एकदा तरी ट्रायल कोर्टाच्या आणि अपिलाच्या वकिलाकडे बसलेलं असावं लागतं. वीस आठवडे, पाच वर्षं, दरसाल चार. म्हणजे चारांतलं एक ठेवून बाकीच्यांवर काट मारायची नाहीच. आधी कुठे आणि नंतर कुठे, एवढंच ठरवायचं. तीन वर्षांच्या कोर्सवाल्याला मात्र तीनच डाव मिळतात. त्याने जपून खेळावं.

मग कॅलेंडर, जे कुणी सांगत नाही. मुलांना सुट्टी मे महिन्यात, आणि कोर्टालाही सुट्टी मे महिन्यातच. पहिल्या वर्षी मी नवा कोट शिवून मेच्या मध्यावर गेलो, तर आवारात रिमांडसाठी आलेली चार माणसं आणि एक झोपलेलं कुत्रं. सोलापूरच्या उन्हात काळा कोट घालून इथे काय करतोस, हे मला चहावाल्याने विचारलं. दिवाळीतही तीच गत. उलटतपास बघायचा असेल तर जून-जुलै, नाहीतर दिवाळी उरकल्यानंतरचे आठवडे. त्या दिवसांत कॉलेज चालू असतं, सत्तर टक्के हजेरीचा हिशोब डोक्यावर असतो, त्यामुळे आधी कॉलेजकडून लेखी परवानगी घ्यावी. मे महिनाच हातात असेल तर फर्म, किंवा सिनियरच्या ऑफिसात बसून नुसतं ड्राफ्टिंग.

आता इथल्या सिनियरबद्दल, कारण बहुतेकांचा खरा प्रश्न तोच असतो.

सगळ्यात मोठा फायदा भाषेचा. खालच्या कोर्टातलं बरंचसं काम मराठीत चालतं आणि कॉलेजात आपण वाचतो इंग्रजी. प्लेंट म्हणजे दावा, रिटन स्टेटमेंट म्हणजे कैफियत, एक्झिक्युशन म्हणजे दरखास्त, एक्झिबिट म्हणजे निशाणी. "आज निशाणी पाचवर युक्तिवाद आहे" असं कानावर आलं की तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकाल लागेपर्यंत समोरच्याला थांबवण्याचा अर्ज समजायचा, हे कॉलेजच्या गाइडात सापडत नाही. सात-बारा आणि फेरफार वाचता यायला लागतात. वाटपाच्या दाव्यात वंशावळीतली एक आत्या राहून गेली तर पुढची दहा वर्षं काय होतं, हे फाइलीच्या जाडीवरूनच कळतं.

पण हे सगळं कुणी शिकवलं तर. माझ्या एका नोटिशीची गोष्ट सांगतो. टॉवेलच्या एका व्यापाऱ्याचा चेक परत आला होता आणि सिनियरनी मला नोटीस लिहायला सांगितली. चेक न वटण्याबद्दलचं कलम १३८ मला तोंडपाठ होतं. टाइप करून नेली. त्यांनी नोटीस वाचलीच नाही. आधी बँकेचा मेमो मागितला, तो शेजारी ठेवला आणि लाल पेनाने माझ्या तारखेभोवती गोल काढला. मी तीस दिवस चेकवरच्या तारखेपासून मोजले होते. ते मोजायचे असतात चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून. "तुझ्या हिशोबाने मुदत संपली, माझ्या हिशोबाने अजून अकरा दिवस आहेत. त्या माणसाला काय सांगू?" मग नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला, आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद. तिन्ही मुदती त्यांनी त्याच कागदाच्या पाठीवर मला लिहायला लावल्या, प्रत्येकीसमोर तारीख घालून. तो कागद मी अजून टाकलेला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका ऑफिसात बसलो होतो. तिथे चार आठवडे फाइली लावल्या, झेरॉक्स आणल्या, नकलेचे अर्ज दिले. अगदीच वाया गेलं असं म्हणणार नाही. कोर्टाचे पैसे सांभाळणाऱ्या नाझरकडे काय भरायचं आणि समन्स बजावणाऱ्या बेलिफाला पत्ता दाखवायला कोण जातं, हे वकिलाच्या कारकुनाइतकं चांगलं कुणीच शिकवत नाही. पण चार आठवड्यांत माझ्या हातचं एक वाक्यही कुणी वाचलं नाही, आणि सर्टिफिकेटवर मात्र "उत्कृष्ट ड्राफ्टिंग" असं लिहून मिळालं. दोन्ही ऑफिसांची सर्टिफिकेटं शेजारी ठेवली तर हेच जास्त देखणं दिसतं.

म्हणून ठिकाण कुठलंही असो, जाण्याआधी मी एकच चौकशी करायला सांगतो: मी लिहिलेलं कोण तपासणार आणि कधी? सिनियरना तोंडावर विचारायचा संकोच वाटतो, तर त्यांच्याकडे आधी बसलेल्या मुलाला गाठायचं. "सरांनी तुझा ड्राफ्ट शेवटचा कधी खोडला?" त्याला आठवावं लागलं, तर समजून जायचं.

विधी सेवा प्राधिकरणाची गोष्ट वेगळी. तिथे ड्राफ्टपेक्षा माणूस आधी भेटतो. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. सोलापुरात याचा अर्थ असा की शहराच्या पूर्वभागातल्या विडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार आणि खटल्याचा निकाल न लागलेले तुरुंगातले कच्चे कैदी तुमच्या टेबलासमोर येणार. आणि ते मराठी बोलतीलच असं नाही. माझ्याबरोबर पूर्वभागातलीच एक मुलगी इंटर्न होती, घरी तेलुगू बोलणारी. एक बाई पोटगीचा अर्ज करायला आल्या. मराठीत एवढंच म्हणाल्या, नवरा सोडून गेला. मी फॉर्म भरायला घेतला. ती मुलगी शेजारी बसून तेलुगूत बोलायला लागली तेव्हा कळलं, नवरा दर शनिवारी येतो, मजुरीचे पैसे घेतो, मारतो आणि जातो. पोटगीचा फॉर्म बाजूला राहिला आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज पुढे आला. तेलुगू, कन्नड किंवा उर्दू घरात असेल तर इथे तुमची किंमत कुठल्याही टॉपरपेक्षा जास्त आहे.

तुरुंगभेटीला प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलांबरोबर जायला मिळालं तर सोडू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला असेल तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर सोडायची तरतूद आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे यातून वगळलेत, आणखीही अपवाद आहेत. यादी करायला बसलं की कळतं, अर्ध्या जणांना स्वतःवर कुठलं कलम आहे हेसुद्धा सांगता येत नाही. तोटा एवढाच की पुढे काय झालं ते आपल्याला दिसत नाही. अर्ज पॅनेलच्या वकिलाकडे जातो आणि आपले आठवडे संपतात. त्या बाईंचं काय झालं, मला माहीत नाही.

कोल्हापूर. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. त्याआधी हायकोर्टाचं काम म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, मुंबईचे वकील, आणि पक्षकाराला "साहेब सांगतील" एवढंच उत्तर. आता इथलेच वकील उभे राहायला जातात आणि मुलांनाही सोबत नेतात, त्यामुळे दार पूर्वीपेक्षा बरंच उघडं आहे.

तिथलं काम मात्र सगळं इंग्रजीत. रिट, दुसरं अपील, जामीन, एफआयआर रद्द करण्याचे अर्ज. इंटर्नच्या वाट्याला येतं ते म्हणजे सिनॉप्सिस (प्रकरणाचा सारांश), तारखांची यादी आणि निवाडे शोधणं. चारशे पानांच्या फाइलीतून दीड पान काढायला लागतं, आणि लिहिण्याला जी धार येते ती दुसरीकडे येत नाही. तरी तिसऱ्या वर्षाच्या मुलीला मी आधी तिकडे जा म्हणणार नाही. साक्षीदार कधी बघितलाच नाही आणि साक्षीची पानं वाचायला बसलं, तर ते लग्नाला न जाता आहेराची यादी वाचण्यासारखं होतं. "साक्षीदार गप्प राहिला" हे नोंदीत कसं उतरतं आणि काय उतरत नाही, हे इथल्या कोर्टात मागच्या बाकावर बसून आधी बघावं. शिवाय रोज जाऊन-येऊन करायचं अंतर नाही; खोली आणि मेस धरावी लागते. घरून पैसे मागायचेच असतील तर ते चौथ्या-पाचव्या वर्षासाठी राखून ठेवावेत, जेव्हा ते पुरते वसूल होतील.

पुण्याच्या फर्मबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं कमी आहे. एसी होता, स्टायपेंड होता, पक्षकाराचा चेहरा नव्हता. चार आठवडे भाडेकरारातली कलमं जुळवून बघितली. ज्याला कंपन्यांचं काम करायचंय त्याने जरूर जावं, मे महिना तिथे सत्कारणी लागतो. माझा तो पिंड नव्हता.

पैशांचं बोलायचं तर सोलापुरात विद्यार्थ्याला सिनियरकडून चहा आणि झालंच तर पेट्रोल. ऑक्टोबर २०२४ च्या बार कौन्सिलच्या परिपत्रकातले शहरात वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार हे आकडे मुलं दाखवतात, पण ते सनद (वकिलीचा परवाना) मिळालेल्या ज्युनियरसाठी आहेत, आणि तेही शिफारस म्हणून. दुसरा गैरसमज न्यायाधीशाच्या परीक्षेचा. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजायची. इंटर्नशिपचा एकही दिवस त्यात धरला जात नाही.

आणि हद्द ओळखून राहावं. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठरावीक शिक्षण झालेला लॉचा विद्यार्थी वकिलाच्या देखरेखीखाली स्वतः कोर्टात उभा राहू शकतो, पक्षकाराची संमती असेल तर. रील बघून इकडच्या मुलांनाही वाटतं आपण दोन शब्द बोलावेत. आपल्याकडे ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २९ आणि ३३ प्रमाणे वकिली फक्त वकिलाने करायची. पुकारा झाला आणि सिनियर दुसऱ्या कोर्टात असले तर पळत जाऊन त्यांना बोलवायचं, स्वतः तारीख मागायची नाही. वकीलपत्रावर सही नाही, पक्षकाराकडून परस्पर पैसे नाहीत. काळा कोट, पांढरा शर्ट, टाय चालेल; वकिलांचा गळ्यातला पांढरा बँड लावायचा नाही.

डायरी रोजची रोज लिहावी. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या शंभर मार्कांच्या पेपरात तीस मार्क एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून लिहिण्याला असतात, आणि आणखी तीस मार्क पक्षकारांच्या मुलाखतींना व डायरीला. सिनियर निव्वळ दिवाणी असतील तर त्यांच्याच परवानगीने आठवड्यातून एक दिवस सत्र न्यायालयात जाऊन बसावं. बार्शी-पंढरपूरच्या मुलांना यासाठी सोलापूरलाच यायची गरज नाही, सत्र न्यायालय तिथेही आहे.

आतेबहिणीने हे सगळं ऐकून घेतलं. विधी सेवा आणि सिनियर यांत ती दोन दिवस घुटमळली, आणि शेवटी जूनमधले चार आठवडे सिनियरकडे ठरवले. सोमवारी कोर्ट सुरू व्हायच्या आधीच तिचा मेसेज आला: "दादा, पुरसिस म्हणजे काय? सरांनी लिहायला सांगितलीय."

कोर्टाला एखादी गोष्ट लेखी कळवायची ती पुरसिस, असं उत्तर मी टाइप केलं, मग पुसलं. लिहिलं, "तुला वाटेल तशी लिहून त्यांच्यासमोर ठेव."

संध्याकाळी फोटो आला. चार ओळींची पुरसिस, त्यातल्या साडेतीन लाल.