३१ मेनंतर कुठे राहायचे: गावचे घर, मुलाचे घर की नोकरीचे शहर?

महाराष्ट्रातील शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत ३१ मे हा निरोप समारंभांचा दिवस असतो. माझ्या पिढीत, विशेषतः खेड्यापाड्यांत, जन्मतारखेची नोंद घरी क्वचितच असे. शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाकडे पाहून वयाचा अंदाज करीत आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, या नियमामुळे ५८ वर्षे पूर्ण करणारे आम्ही सारे '१ जूनवाले' एकाच दिवशी शाल-श्रीफळ घेऊन घरी येतो. पुढे कुठे राहायचे, हा प्रश्न मात्र त्याआधीच, सुट्टीसाठी सगळे कुटुंब गावी जमलेले असताना, पडवीत आंबे कापता कापता निघालेला असतो, आणि बहुतेक घरांत त्याचे उत्तरही तिथेच ठरून जाते.

ही घाई आम्हीही केली. कराडच्या शाळेत २६ वर्षे शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा पुढे काय, याचा निर्णय संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घरी मे महिन्यात झाला होता आणि तो गणपतीपर्यंतही टिकला नाही. निवृत्तीनंतर सहा महिने गावी, सहा महिने पुण्यात मुलाकडे आणि आता वर्षभर पुन्हा कराडला भाड्याच्या घरात राहिल्यावर या तिन्हींची तुलना करण्याइतका अनुभव गाठीशी आला आहे. यंदा ज्यांच्या हाती नारळ पडणार आहे, त्यांच्यासाठी ती मांडत आहे.

गावचे घर

मे महिन्यात त्या घरात आम्ही सतरा माणसे होतो. मुंबईचे दोन्ही भाऊ सहकुटुंब आले होते, मुलगा रजा काढून आला होता, अंगणात फणस फोडले जात होते, आमसुले आणि आंबोशी वाळत होती, आणि रात्री खळ्यात अंथरुणे टाकली की गप्पा संपत नव्हत्या. असे घर पाहून 'आता इथेच राहायचे' असे न म्हणणारा माणूस विरळा. परंतु कोकणातील गाव वर्षातून तीनदा भरते, शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीत, आणि आपण चाकरीनिमित्त बाहेर राहिलेली माणसे गावाला नेमके त्याच तीन वेळी भेटलेले असतो. उरलेले गाव आपल्या ओळखीचेच नसते.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याच्या आठवडाभर आधी सारे परततात. आमच्या वाडीत वीसेक घरे आहेत. त्यांपैकी सहा घरांत दिवा लागत होता, आणि त्या सहांतील चौघांत माझ्याहून वयस्कर माणसे होती. पाण्याचेच पाहा. कोकणात ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणजे सतरा माणसांना पाणी लागते तेव्हा विहीर आटलेली असते, आणि ती काठोकाठ भरते तेव्हा ओढायला आम्ही दोघेच असतो.

जुलैत वीज गेली की दोन-दोन दिवस येत नसे आणि तिच्याबरोबर मोबाइलची रेंजही जात असे. कौले शाकारून घेतली होती, तरी माजघराच्या कोपऱ्यात पाणी ठिबकतच राहिले. पुस्तकांना बुरशी आली. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे मी पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती. श्रावणात मागील दारी शेवाळावरून पत्नीचा पाय घसरला आणि मनगट मोडले. त्या दिवशी रिक्षा मिळून, तालुक्याच्या गावी जाऊन, तिथून रत्नागिरीला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मनगटाऐवजी हृदय असते तर, हा प्रश्न आम्ही दोघांनी परतताना एसटीत एकमेकांना विचारला नाही, पण दोघांच्याही मनात तोच होता.

तरीही गावाच्या पारड्यात एक गोष्ट अशी आहे की जी दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी मला मिळाली नाही. निवृत्त शिक्षक गावात रिकामा राहत नाही. महिन्याभरात माझ्याकडे गावकीच्या हिशेबाची वही आली, वारसनोंदीचे अर्ज लिहून घ्यायला माणसे येऊ लागली, आणि एका मुलीच्या तंत्रनिकेतनाच्या प्रवेशासाठी मी तिच्या वडिलांबरोबर रत्नागिरीला दोन खेपा घातल्या. सकाळी उठल्यावर आपली कोणीतरी वाट पाहत आहे, ही भावना नोकरी सुटलेल्या माणसासाठी फार मोलाची असते. तिची किंमतही आहे, कारण ज्याच्याकडे हिशेब त्याच्याकडे भांडणेही येतात. शिवाय आमच्या सातबारावर अकरा नावे आहेत आणि मागच्या पडवीत संडास बांधायचा म्हटले तरी चुलतभावांची संमती लागते. गावी राहण्याच्या विचारात असलेल्याने घराची डागडुजी काढण्यापूर्वी सातबारा आणि घरपट्टी कोणाच्या नावावर आहे, हे आधी पाहावे. घरावर लाखो रुपये खर्च केल्यावर ते पाहणारे मला दोघे ठाऊक आहेत.

आणि आणखी एक, जी मला उशिरा कळली. त्या मे महिन्यात मी पडवीत बसून गावच्या शांततेविषयी बोलत होतो, तेव्हा पत्नी सतरा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक करीत होती. गावी राहायचे का, हा प्रश्न मी तिला विचारला तो सर्वांसमोर, आणि ती 'बघू' म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही, हे ३१ वर्षांत मला कळायला हवे होते.

मुलाचे घर

पुण्यात बाणेरला मुलाची दोन शयनगृहांची सदनिका आहे. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात, नात तेव्हा पाच वर्षांची होती. दवाखाना दहा मिनिटांवर, औषधे घरपोच, वीज गेलीच तर उद्वाहनासाठी जनित्र. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर तिन्ही ठिकाणांत याला तोड नाही, आणि ज्यांना मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी पुढचे न वाचता शहर निवडावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

परंतु इथेही मे महिना फसवतो. रजेवर आलेला मुलगा आणि कामाच्या दिवसांतला मुलगा ही दोन वेगळी माणसे असतात. गावी माझ्याशी रात्री बारापर्यंत बोलणारा मुलगा पुण्यात सकाळी आठला जाऊन रात्री आठला येत असे, आणि आल्यावर त्याच्याशी बोलावे की त्याला दहा मिनिटे निवांत बसू द्यावे, हे मला ठरवता येत नसे. नातीला बसथांब्यावर सोडणे, आणणे, जेवू घालणे, नृत्यवर्गाला नेणे ही कामे हळूहळू आमच्याकडे आली. ती आम्ही आनंदाने केली. मात्र ती कामे आहेत, हे कोणीच उच्चारले नाही, आणि त्यामुळे एका गुरुवारी आम्हाला नाटकाला जायचे होते तेव्हा सर्वांचीच पंचाईत झाली. मुलाकडे राहायला जाणाऱ्यांनी आठवड्यातले कोणते दिवस आपले आणि कोणते नातवंडांचे, हे पहिल्याच महिन्यात मोकळेपणाने ठरवून घ्यावे. त्यात संकोच वाटतो, पण नंतरच्या अवघडलेपणापेक्षा तो बरा.

स्वयंपाकघराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. आमची सून मनमिळाऊ आहे आणि मी हे तिच्या तक्रारीसाठी लिहीत नाही. 'आई, तुम्ही बसा, मी करते' हे वाक्य पहिल्या आठवड्यात सुखावते आणि दुसऱ्या महिन्यात टोचू लागते. जिने तीन दशके स्वतःच्या हाताने मसाल्याचा डबा भरला, तिला हिंग कुठे ठेवला आहे हे विचारावे लागते तेव्हा ती पाहुणी झालेली असते. माझे म्हणाल तर, दिवाणखान्यातला सोफा रात्री माझा पलंग होत असे, त्यामुळे क्रिकेटचा सामना लांबला की माझी झोप लांबत असे. बाकी तक्रार नाही.

पैसा आणि ५८ वे वर्ष

हातात एकरकमी पैसा येतो तो याच दिवसांत, आणि मुलाचे मोठे घर किंवा गावच्या घरावर स्लॅब असे दोन मोह लगेच समोर उभे राहतात. माझ्यासारख्या जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्याला निवृत्तिवेतनाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून रोख घेता येतो, पण मग तेवढे निवृत्तिवेतन १५ वर्षे कमी मिळते, म्हणजे वयाच्या ७३ पर्यंत. ही रक्कम म्हणजे बक्षीस नव्हे, पुढल्या पगाराची उचल आहे, असे समजून ती वापरावी.

५८ हे वय कायद्याच्या आणि सवलतींच्या दृष्टीने मधल्या मध्ये अडकलेले आहे. एसटीचे अर्धे तिकीट ६५ पासून, वयावर मिळणारे आयुष्मान कार्ड ७० पासून. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवण्याची तरतूद कलम २३ मध्ये आहे. पण ती ज्येष्ठ नागरिकासाठी आहे आणि कायद्याने ज्येष्ठ नागरिक होतो तो ६० व्या वर्षी. तेव्हा मुलाच्या प्रेमात पडून ५८ व्या वर्षी घर त्याच्या नावावर करू नये. कधी करायचेच झाले तर साठीनंतर, आणि सांभाळाची अट दस्तात स्पष्ट लिहून.

याउलट एक सोय मात्र ५८ वाल्यांना आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एरवी ६० ची अट असली तरी ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यास निवृत्तीचे लाभ हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यात पैसे ठेवता येतात. मर्यादा ३० लाखांची आहे, व्याज सध्या ८.२ टक्के असून ते दर तिमाहीला मिळते. मुदत पाच वर्षांची आहे. खाते वर्षभरात मोडल्यास व्याज मिळत नाही, एक वर्षानंतर मोडल्यास मुद्दलाच्या दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापला जातो. मी बहुतेक रक्कम तिथे ठेवली, आणि तिचा खरा लाभ व्याज हा नव्हता. 'पैसे अडकले आहेत' हे दोन्ही भावांना आणि मुलालाही खरेपणाने सांगता आले.

महिन्याच्या खर्चात गाव सर्वात स्वस्त वाटते आणि बाजारहाटापुरते ते खरे आहे. पण माणसे लावून करायची कामे, वर्षाआड निघणारी डागडुजी, वानरांपासून बाग राखणे आणि दवाखान्याच्या खेपा धरल्या तर आमचा गावचा आणि कराडचा खर्च जवळजवळ सारखाच निघाला. मुलाकडे भाडे नव्हते, म्हणून मी किराणा भरत होतो, आणि त्यावरूनही कधी कधी 'बाबा, कशाला?' हा वाद होत असे.

नोकरीचे शहर

हा तिसरा पर्याय मे महिन्यात कोणाला सुचतच नाही, कारण पडवीत जमलेल्यांपैकी कोणीच तिथे राहत नसते. जिथे २६ वर्षे काढली ते गाव नोकरी संपताच परके मानायचे, ही आपल्याकडची रीतच आहे. पण विचार करता, दूधवाला, औषधाचे दुकान, रक्तदाबाची जुनी वही सांभाळणारे डॉक्टर, वाचनालयातली नेहमीची खुर्ची, संध्याकाळी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर भेटणारी चार माणसे, हे सारे माझे कराडला होते. पत्नीचे भजनी मंडळ तिथे होते, आणि पुण्यात असताना ती दर मंगळवारी फोनवरून त्यांचे भजन ऐकत असे, हे मला एप्रिलमध्ये कळले. इथून पुणे साधारण १६० किलोमीटर आहे. गावी जायचे तर कुंभार्ली घाट उतरायचा. दोन्हीकडे जाऊन दोन-चार दिवसांत परत येता येते, आणि पाहुणे म्हणून गेल्यावर दोन्ही घरे पुन्हा मे महिन्यासारखी वागतात. मोठी रुग्णालये शहरातच आहेत.

यातले उणे लपवण्यात अर्थ नाही. घर भाड्याचे आहे आणि मालकाच्या मनाचा भरवसा किती धरायचा, हा प्रश्न असतो. बरोबरीचे शिक्षक एकेक करून मुलांकडे निघून चालले आहेत. आणि आम्हा दोघांपैकी एकच उरेल तेव्हा ही व्यवस्था चालणार नाही, हे आम्ही दोघेही जाणून आहोत; तेव्हा पुण्याचाच रस्ता धरावा लागेल, आणि म्हणून सुनेच्या स्वयंपाकघरात हिंग कुठे असतो हे पत्नीने आता विचारून ठेवले आहे. ज्यांची प्रकृती बरी आहे आणि जे दोघे आहेत, त्यांना पुढची दहा वर्षे मी हाच पर्याय सुचवेन. अपवाद एकच: ज्यांचा भाऊ किंवा बहीण गावी बारमाही राहते, त्यांनी गावाचा विचार जरूर करावा, मात्र एक अख्खा पावसाळा काढून मगच सामानाचा टेम्पो सांगावा.

आमचा भाडेकरार ११ महिन्यांचा असतो. यंदा तो ३० एप्रिलला संपत होता, म्हणून नूतनीकरणाचे बोलायला मी घरमालकांकडे गेलो, तर पत्नीने ते मार्चमध्येच बोलून ठेवले होते आणि स्वयंपाकघरात एक फळी वाढवूनही मागितली होती.