गाव नकाशा आधी की टोपोशीट?

गावाचा इतिहास लिहायला घेतला की प्रत्येक जण सांगतो, 'जुना नकाशा काढा.' कोणता, ते कुणी सांगत नाही. खेड्यासाठी खरे पर्याय दोनच. एक भूमि अभिलेख कार्यालयातला गाव नकाशा, दुसरा सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट, म्हणजे नद्या, टेकड्या, वाटा, वस्त्या दाखवणारा मोठ्या टापूचा नकाशा. पहिला शेतसाऱ्यासाठी काढलेला, दुसऱ्याच्या मागे लष्कराची गरज. हा फरक विसरलात तर दोन्ही नकाशे फसवतील.

उदाहरणाला इंदापूर तालुका घेतो. मुंबई इलाख्याची सर्व्हे नंबरवारी मोजणी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इथूनच सुरू केली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली शेतसाऱ्याची आकारणी फसली होती, शेतकरी जमिनी सोडून चालले होते. आज नक्कल मागितली की हाती येतो तो बहुधा नंतरच्या फेरमोजणीचा नकाशा, पण हाडं तीच.

जुन्या गाव नकाशाचं नेहमीचं प्रमाण एक इंचाला वीस साखळ्या. साखळी ३३ फुटांची, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. म्हणजे नकाशावरच्या चौरस इंचात ४०० गुंठे, दहा एकर. अंगठा टेकवला की एखाद्याचं अख्खं रान झाकतं. बांध, ओढा, गाडीवाट, शिवेवरचे दगड, सगळं यात सापडतं.

सापडत नाही ते गाव! काळी म्हणजे शेतजमीन भरगच्च आणि पांढरी म्हणजे वस्ती कोरी. गावठाण म्हणून एक वेडावाकडा आकार आणि आत काही नाही. वेस कुठे, वाडा कुठे, कोणती आळी कुठल्या अंगाला, यातलं काही मिळणार नाही, कारण गावठाणातल्या घरांवर शेतसारा नव्हता.

आणि आकड्यांवर भाळू नका. नकाशावरचा नंबर एकटा मुका असतो, तो शेतवार पत्रकाशी (नंबरवार जमिनींची यादी) आणि इनामाच्या नोंदींशी लावला की बोलतो. गावाबाहेरचा एखादा तुकडा हाडकी-हाडवळा निघतो, म्हणजे महार वतनाची जमीन. ही वतनं १९५८ च्या कायद्याने गेली, पण कुणाला गावाच्या कोणत्या टोकाला ठेवलं होतं ते त्या नंबरांतून दिसतं. माझ्या मते गाव नकाशाचं सगळ्यात मोठं मोल इथं आहे. गंमत म्हणजे बेचिराख गावाचाही नकाशा दप्तरी असतो. माणूस एक राहिला नाही, तरी शिवार मोजलेलं.

नकलेच्या अर्जाची एक खोच. मी पहिल्यांदा सातबाऱ्यावरचा गट नंबर लिहिला आणि दोन खेपा वाया घालवल्या. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर बहुतेक गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट आले, जुन्या नकाशावर मात्र सर्व्हे नंबरच. आधी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घाला, मग अर्ज करा. महाभूनकाशा संकेतस्थळावर गटांचा नकाशा घरबसल्या दिसतो, पण इतिहासासाठी तो अपुरा.

आता टोपोशीट. जुनं शीट इंचाला मैल, म्हणजे चौरस इंचात ६४० एकर. अख्खं गाव ज्वारीच्या दाण्याएवढं. शेत कुणाचं ते विचारूच नका. पण गाव नकाशा शिवेवर थांबतो आणि टोपोशीट पुढे चालतं. बाजाराची वाट, नदीचा उतार, टेकडीची उंची, विहिरी, देऊळ, शेजारच्या चार वाड्या, सगळं एका नजरेत. नावं मात्र रोमन लिपीत. तिथे ळ आणि ल एकच, ड आणि द एकच. वाडीचं नाव शीटवरून उतरवून घेऊ नका, गावात विचारा. शीटच्या समासातलं सालही नीट वाचा. मोजणीचं वर्ष वेगळं, छपाईचं वेगळं.

उजनी धरणाकाठच्या गावांना हे साल फार महत्त्वाचं. धरण १९८० मध्ये झालं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरची शीटं नव्या आवृत्तीची, त्यांत धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेव गावाच्या जागी पाणीच दिसणार. पाणी फार ओसरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, पण देवळापर्यंत कोणती वाट उतरत होती ते जुनं शीटच सांगेल. ते महाविद्यालयाच्या भूगोल विभागात विचारा. प्रात्यक्षिकांसाठी घेतलेली जुनी शीटं कपाटात पडून असतात. नाहीच मिळालं तर अमेरिकी लष्कराचे १९५० च्या दशकातले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रमाण अडीच लाखाला एक, म्हणजे गाव फक्त ठिपका. नदीचं जुनं पात्र कळण्यापुरते बरे.

एकच निवडायचं तर मी गाव नकाशा घेईन, धरणात गेलेलं गाव सोडून. तिथे आधी टोपोशीट शोधा, कारण पाण्याखालच्या वाटा सांगणारी माणसं आता सत्तरीपुढची आहेत. शाळेच्या मुलांसाठी करत असाल तरी टोपोशीटच बरं, त्यावर मुलांना चालत जाता येतं.

गाव नकाशा आणलात की दुप्पट मोठी झेरॉक्स काढून पारावर न्या. मी नेली तेव्हा एक म्हातारे नंबर बघतच नव्हते. ओढ्याच्या वळणावर बोट ठेवून म्हणाले, 'हा चिंचमळा.' दप्तरात ते नाव कुठेच नव्हतं. लॅमिनेशन तेवढं करू नका, पेन्सिल उमटत नाही.