उन्हाळा, पावसाळा आणि स्पितीची थंडी : कॅम्पर व्हॅनमधल्या विजेचा वापरानंतरचा अनुभव

व्हॅनमधलं काहीही बंद पडलं की पहिला संशय बॅटरीवर जातो. दुकानदारही तेच सांगतो, कारण बॅटरी विकण्यात त्याचा फायदा असतो. सगळे ऋतू गाडीत काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की बॅटरी बहुतेक वेळा निर्दोष असते. दोष वायरीत, लगमध्ये (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीत), सॉकेटात किंवा अर्थच्या, म्हणजे मायनस गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या, बोल्टखाली असतो. तो शोधायचा तर वीज वाहत असताना मल्टीमीटर लावावा लागतो. सगळं बंद करून मोजलेला आकडा फार काही सांगत नाही.

आमची यंत्रणा अशी आहे. उंच छताची डिझेल व्हॅन, पलंगाखाली २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, छतावर १८० वॉटची दोन पॅनेल, पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर, चालत्या गाडीवर चार्ज होण्यासाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, १५०० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर आणि १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज. बरोबर सासूबाई असतात आणि त्यांचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये असतं. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागतं. त्यामुळे फ्रीज बंद पडणं ही आमच्याकडे दूध नासण्यापुरती गोष्ट नाही.

सुरुवातीला त्रास फ्रीजनेच दिला. पहाटेच्या सुमारास तो बंद पडायचा, थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचा, परत बंद. बॅटरी मात्र तेव्हा ८० टक्क्यांच्या आसपास असायची आणि तिच्या टर्मिनलवर १३.२ व्होल्ट दिसायचे. हे समजायला या फ्रीजचं वागणं माहीत हवं. त्यात गाडीची बॅटरी वाचवण्यासाठी कमी व्होल्टेजला बंद होण्याची सोय असते. सेकॉपचे, म्हणजे पूर्वीच्या डॅनफॉसचे, बीडी मालिकेतले कॉम्प्रेसर मूळ सेटिंगवर १०.४ व्होल्टला थांबतात आणि ११.७ पर्यंत चढल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत. आमच्या फ्रीजवर तीन पातळ्या आहेत आणि वरच्या पातळीला तो ११ च्या जरा वरच थांबतो. पण तो हा आकडा बॅटरीपाशी मोजत नाही, स्वतःच्या प्लगपाशी मोजतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की वायरीतून पाच-सहा अँपिअर जातात, वाटेत व्होल्टेज पडतं, फ्रीज घाबरून थांबतो. थांबला की प्रवाह शून्य, मग व्होल्टेज लगेच पूर्ववत. तुम्ही उठून मीटर लावेपर्यंत सगळं ठीक दिसतं.

म्हणून कॉम्प्रेसर चालू असताना मोजलं. बॅटरीवर १३.२, फ्रीजच्या प्लगवर ११.१. दोन व्होल्ट वाटेत गेले! गाडी बनवून देणाऱ्या कारागिराने फ्रीजला दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. जाऊन-येऊन बारा मीटर होतात. तांब्याच्या अशा वायरीचा विरोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम धरला तर सहा अँपिअरला पाऊण-एक व्होल्ट तिथेच जातो. उरलेला सिगारेट लायटरच्या सॉकेटात जात होता. सॉकेटाला हात लावला तर ते कोमट लागायचं. हे सॉकेट सतत चालणाऱ्या यंत्रासाठी मला अजिबात पटत नाही. स्प्रिंगवर टेकलेला संपर्क गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो. आम्ही फ्यूज बॉक्सपासून फ्रीजपर्यंत सहा स्क्वेअर एमएमची स्वतंत्र जोडी ओढली आणि सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर, म्हणजे घट्ट बसणारा जाड प्लग, बसवला. आता चालू कॉम्प्रेसरवर प्लगपाशी १२.९ मिळतात. फ्रीज त्यानंतर रात्री थांबलेला नाही. कुणी तुम्हाला फ्रीजची संरक्षण पातळी खाली आणायला सांगेल. ती आणा, कारण लिथियम बॅटरीला स्वतःचं बीएमएस, म्हणजे सेलचं रक्षण करणारं सर्किट, असतंच. पण आधी वायर सुधारा, नाहीतर तापणारं सॉकेट तापतच राहील.

दुसरा दोष चालत्या गाडीच्या चार्जिंगचा होता. कोकणात उतरलो की डीसी-डीसी चार्जर मध्येच चालू, मध्येच बंद. बीएस-६ नंतरच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज इंजिनाचा संगणक कमी-जास्त करतो; आमच्या गाडीत ते कधी १४.३ असतं तर कधी १२.६. म्हणूनच दोन बॅटऱ्या जोडणारा नुसता रिले (आपोआप चालणारा स्विच) पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो. पण त्यालाही इंजिन चालू आहे हे व्होल्टेजवरूनच ओळखायचं असेल, तर त्याच्यापर्यंत पोचणारा आकडा महत्त्वाचा ठरतो. मालवणमध्ये एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडून एकदा पाहिलं आणि म्हणाला, “बॅटरी बरी असा ताई, आदी अर्थ बघूया.”

त्याची पद्धत मी तेव्हापासून वापरते. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा. एक टोक इंजिनाच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं चार्जरच्या इनपुटच्या प्लसवर. चार्जर पूर्ण जोरात चालू असताना जो आकडा दिसतो, तेवढं व्होल्टेज त्या वायरीत आणि तिच्या जोडांत गळतं आहे. मग तसंच मायनसवर. टोकं पोचत नाहीत म्हणून त्याने सात-आठ मीटर बारीक स्पीकर वायरीला क्लिपा लावून ठेवल्या होत्या. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे ही वायर बारीक असली तरी आकडा चुकत नाही. आमच्याकडे प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट जात होता, जो त्या लांबीच्या १६ स्क्वेअर एमएम वायरीला साजेसा आहे. मायनसच्या बाजूला जवळपास एक व्होल्ट! अर्थचा बोल्ट रंगवलेल्या पत्र्यावर आवळलेला होता. रंगाखाली खाऱ्या हवेने गंज धरला होता आणि लगवर हिरवा कळंक चढला होता. त्याने रंग खरवडून लखलखीत पत्रा काढला, लग नवीन क्रिंप केला, म्हणजे वायरीवर दाबून बसवला, दातेरी वॉशर घातला, आवळल्यावर वरून ग्रीस लावलं. मायनसचा आकडा ०.०६ वर आला आणि चार्जर सलग ३० अँपिअर देऊ लागला. नवीन चार्जर घ्यायचा आमचा विचार तिथेच संपला.

किनाऱ्यावर वारंवार जाणार असाल तर कल्हई केलेल्या तांब्याची, म्हणजे टिन्ड कॉपरची वायर घ्या. साध्या वायरीत कळंक इन्सुलेशनच्या आत शिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

इन्व्हर्टरबद्दल. ७५० वॉटचा मिक्सर तो व्यवस्थित चालवतो, ओल्या खोबऱ्याची चटणी रोज होते. इंडक्शनच्या नादी आम्ही लागलो नाही, गॅस पुरतो. एकदा मिक्सर लावला की लो-व्होल्टेजचा बीप वाजायला लागला. बॅटरीवर १३ व्होल्ट, इन्व्हर्टरवर १२ पेक्षा कमी. एक लग हाताला चटका बसेल इतका तापला होता. हिशेब बघा: मोठ्या भाराला १२ व्होल्टच्या बाजूने १०० अँपिअर वाहतात. जोडाचा विरोध ५ मिलिओहम एवढा जरी झाला तरी अर्धा व्होल्ट पडतो आणि त्या एका ठिकाणी ५० वॉट उष्णता तयार होते. घरातलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. कॅम्पर गाड्यांतल्या आगीची मला वाटणारी खरी भीती ही आहे. म्हणून मोठे लग हातोडीने चेपलेले चालवून घेऊ नका, हायड्रॉलिक क्रिंपरने करून घ्या, आणि खराब रस्त्याच्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पान्याने तपासा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देऊ शकते, तिथे एवढा प्रवाह तोडू शकणारा क्लास-टी प्रकारचा फ्यूज घालण्यात काटकसर नको. आणि पॅनेलच्या लाइनला घरगुती एसी एमसीबी बसवला असेल तर काढायला लावा. एसीमधली ठिणगी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून विझते, डीसीत तशी संधीच नसते. डीसीसाठीचा एमसीबी वेगळा मिळतो.

इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी आमचा सव्वा अँपिअरच्या आसपास खातो, म्हणजे दिवसाला ३० अँपिअर-तास. तेवढ्यात फ्रीजचा दिवस निघतो. लॅपटॉप आणि फोन आता थेट १२ व्होल्टच्या यूएसबी-सी चार्जरवर.

सोलरबद्दल मला सगळ्यात जास्त समाधान आहे. पॅनेल सिरीजमध्ये जोडली आहेत, म्हणजे दोघांच्या व्होल्टेजची बेरीज मिळते, आणि आपल्या उन्हात हे महत्त्वाचं आहे. अनेक एमपीपीटी कंट्रोलरना सुरू व्हायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्टने जास्त लागतं. ३६ सेलचं पॅनेल कागदावर २२ व्होल्ट देतं, पण एप्रिलमध्ये छतावर सेल ६५ अंशांपर्यंत तापले की ते साडेएकोणीसच्या आसपास येतं. पॅरललमध्ये जोडलं तर काठावरचा मामला होतो, सिरीजमध्ये भरपूर जागा राहते. उष्णतेने वॉटही कमी होतात. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के, म्हणजे त्या तापमानाला १४ टक्के. दुपारी ३६० वॉटच्या पॅनेलवर २७०-२८० दिसले तर बिघाड शोधत बसू नका.

जुलैत तळकोकणात मात्र दिवसभर ४०-५० वॉटवर समाधान मानावं लागतं. तिथे आणखी पॅनेल लावून उपयोग नाही. गाडी चालवणं किंवा भिंतीतली वीज, हेच दोन मार्ग.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. बॅटरी किती भरली आहे ते दाखवणाऱ्या शंटवरचे टक्के हळूहळू खोटे व्हायला लागले. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात १३.१ ते १३.३ वर जवळपास स्थिर असतं, त्यामुळे जुन्या लेड-ॲसिडसारखं १२.१ म्हणजे अर्धी असा अंदाज करता येत नाही. आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारा शंटच खरा आधार. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे पूर्ण भरली नाही तर त्याच्या मोजणीतल्या बारीक चुका साठत जातात, आणि सेलही समतोलात येत नाहीत, कारण बीएमएस ते काम बहुधा चार्ज पूर्ण होतानाच करतं. पंधरा दिवसांतून एकदा १४.२-१४.४ व्होल्टपर्यंत पूर्ण भरून घेतलं की दोन्ही जागेवर येतात. शंटची मूळ सेटिंग बऱ्याचदा लेड-ॲसिडची असते, ती बदलून घ्या. छताचा पंखा किंवा पंप कुणी थेट बॅटरीच्या मायनसला जोडला असेल तर तो शंटला दिसतच नाही. आमचा पंप तसाच जोडलेला निघाला.

भिंतीतली वीज घेताना काळजी दुप्पट. गावातल्या होमस्टेमध्ये संध्याकाळी १८० व्होल्ट येणं नेहमीचं आहे, तेव्हा भिंतीतल्या विजेवर चालणारा चार्जर थांबतो आणि रात्री उशिरा आपोआप सुरू होतो. तो दोष आपल्या गाडीचा नाही. पण अर्थिंग नसणं फार गंभीर. एका ठिकाणी गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. प्लग तत्काळ काढला. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर आधी लावल्याशिवाय आम्ही आता केबल जोडत नाही, आणि गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे. २३० व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. १२ व्होल्टवर जे स्वतः शिकता येतं ते तिथे शिकायला जाऊ नये.

स्पितीत ऑक्टोबरमध्ये सकाळी लख्ख ऊन आणि चार्जिंग शून्य, असं पहिल्यांदा पाहिलं. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केले तर आत धातू साठून ते कायमचे खराब होतात, म्हणून बीएमएसने चार्जिंग अडवलं होतं. फ्रीज, दिवे सगळं चालू होतं. गाडीत हीटर लावून तासाभरात बॅटरी कोमट झाली आणि पॅनेलमधून अँपिअर यायला लागले. ज्या बॅटरीच्या बीएमएसमध्ये हे संरक्षण नाही, ती स्वस्त मिळाली तरी हिमालयात नेण्यासारखी नाही.

गाडीतल्या पेटीत मल्टीमीटर, ती लांब स्पीकर वायर, वायरीभोवती अडकवून डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर, फ्यूज, लग आणि पॉलिश पेपर असतो. क्लॅम्प मीटर घेताना नीट विचारा, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात.

आणखी बॅटरी जोडायची का, असं लोक विचारतात. आम्हाला २०० अँपिअर-तास पुरतात. वाटेत गळणारं थांबल्यावर तर आरामात. सध्या एकच काम बाकी आहे. छतावरून पॅनेलची केबल जिथे आत येते, त्या ग्लँडचं (केबलभोवतीच्या पाणी अडवणाऱ्या बुचाचं) रबर उन्हाने चिरलं आहे. मे संपायच्या आत ते बदलून, केबलला बाहेरच्या बाजूने खाली वळण देऊन घेणार आहोत, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल आणि आत कंट्रोलरपर्यंत पोचणार नाही.