व्हॅनिला आइस्क्रीमवर ऑलिव्ह तेल: घशात खवखवणारी बाटलीच घ्या

ऑलिव्ह तेलाची अर्धा लिटरची ही गडद हिरवी बाटली मी सॅलडसाठी आणली होती. तीन आठवड्यांत ती तळाला गेली, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त तेल व्हॅनिला आइस्क्रीमवर गेलं. पहिल्या रात्री धाकट्या भावाने माझ्या वाटीत डोकावून विचारलं, "ताई, तेल? आइस्क्रीमवर?" मी चमचा त्याच्या हातात दिला. दुसरी वाटी त्याने आपली आपण भरून घेतली.

कृती अशी काही नाहीच. व्हॅनिलाचा एक गोळा, वर चमचाभर एक्स्ट्रा व्हर्जिन (रसायनांशिवाय नुसतं दाबून काढलेलं, सर्वांत वरच्या दर्जाचं) तेल, जाड मिठाचे चार खडे, आणि मग अर्धा मिनिट दम धरायचा. हा अर्धा मिनिट मला फार आवडतो. गार गोळ्यावर तेल घट्ट होऊ लागतं, मधासारखं संथ ओघळतं आणि खळग्यात थबकून राहतं. चमचा तोंडात गेला की आधी दूध-साखर लागते, पाठोपाठ नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो, मग थोडं कडवट, आणि गिळल्यावर घशाशी मिरीसारखी खवखव. मधेच मिठाचा एखादा खडा दाताखाली येतो तेव्हा व्हॅनिला एकदम उजळते.

या खवखवीला घाबरून बाटली परत करू नका. ती ओलिओकॅन्थल नावाच्या घटकाची करामत आहे. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाचं पातळ औषध घशात जिथे झोंबतं, तिथेच हे तेलही झोंबतं, हे एका संशोधकाच्या लक्षात आलं आणि त्यावरून शोध घेत २००५ मध्ये खवखव याच घटकाची असल्याचं दाखवलं गेलं. मिठाचंही असंच. ते कडूपणा दाबतं, म्हणून त्यामागे लपलेला गोडवा वर येतो. १९९७ मध्ये प्रयोगांतून ते दाखवलं गेलं. मीठ न घालता एकदा खाऊन पाहिलं, तेव्हा तेल आणि आइस्क्रीम वाटीत एकमेकांशी अबोला धरल्यासारखे वेगवेगळे लागले.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणाहून आणलेल्या बाटलीने मात्र घात केला होता. पारदर्शक काच, दुकानात उजेडात ठेवलेली, आणि लेबलवर ऑलिव्हची फळं कधी काढली त्याचा पत्ता नाही. झाकण उघडताच मेणाच्या खडूंच्या डबीसारखा वास. तेल खवट झालं होतं. "या तेलाचा वास असाच असतो," असं मला सांगण्यात आलं. नसतो! ताज्या तेलाला हिरवा वास येतो. आइस्क्रीमवर खवटपणा झाकला जात नाही, उलट जास्तच जाणवतो. म्हणून गडद बाटली बघा, काढणीची तारीख बघा. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये मुक्त आम्ल (तेलातल्या चरबीचे रेणू तुटून सुटलेलं आम्ल) ०.८ टक्क्यांहून जास्त चालत नाही, पण तेवढ्या आकड्यावर ताजेपणा कळत नाही. नाकाने तपासा.

चॉकलेट आइस्क्रीमवर हे तेल हरवून जातं. लिंबाच्या सॉर्बेवर तर अजिबात घालू नका. तो नुसता पाण्या-साखरेचा बर्फ, तेल वर तवंगासारखं तरंगत राहतं. स्ट्रॉबेरीच्या फोडी, ताजी कुटलेली काळी मिरी आणि याच तेलाचे चार थेंब मात्र छान जमले.

बाटलीत आता दोन बोटं तेल उरलंय. भावाने सॅलडवर दुसरं तेल घालायला सुरुवात केली आहे.