दरडप्रवणतेचा राष्ट्रीय नकाशा : सह्याद्रीतल्या वाडीसाठी किती उपयोगाचा?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४-१५ मध्ये हाती घेतलेल्या राष्ट्रीय उपक्रमातून देशातील सुमारे ४.३ लाख चौरस किलोमीटर डोंगराळ प्रदेशाचे दरडप्रवणता नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार झाले असून ते ‘भूकोश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. माळीण (२०१४), तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) या दुर्घटनांनंतर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना या नकाशांचा कितपत आधार घेता येईल, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

नकाशाची सर्वांत जमेची बाजू त्यामागची पद्धत आहे. भारतीय मानक आयएस १४४९६ च्या १९९८ मधील दुसऱ्या भागात खडकाचा प्रकार, त्यातील भेगांची रचना, उतार, सापेक्ष उंची, जमिनीचा वापर आणि भूजल या सहा घटकांना आधीच ठरवलेले गुण देऊन दहापैकी बेरीज केली जात असे. ते गुण मुख्यतः हिमालयातील अनुभवावरून ठरले होते. सह्याद्रीत मात्र जवळजवळ आडव्या बेसॉल्टच्या थरांवर झिजून तयार झालेली माती आणि मुरूम साचलेला असतो. त्यात मुसळधार पावसाचे पाणी मुरून दाब वाढला की तो थर खालच्या कठीण खडकावरून सुटतो. या नकाशासाठी वापरलेल्या नव्या पद्धतीत त्या-त्या प्रदेशात प्रत्यक्ष कोसळलेल्या दरडींची नोंद घेऊन, उताराच्या किंवा खडकाच्या एखाद्या प्रकारात त्या किती आढळतात आणि त्याबाहेर किती, याची तुलना यूलच्या गुणांकाने केली जाते व त्यावरून गुण ठरतात. म्हणजे सह्याद्रीचे गुण सह्याद्रीतील दरडींवरूनच निघतात, आणि ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

तथापि, पद्धतीची गुणवत्ता नोंदींच्या गुणवत्तेपेक्षा वरचढ ठरू शकत नाही. घाटरस्त्यालगतच्या दरडी सहज दिसतात व नोंदवल्या जातात, तर आतल्या जंगलातील जुन्या दरडींच्या खुणा काही पावसाळ्यांत झाडोऱ्याखाली झाकल्या जातात. त्यामुळे अशा कोणत्याही नकाशात रस्त्यालगतचे उतार अधिक धोकादायक दिसण्याचा संभव राहतो. प्रमाणाचाही विचार हवा. या नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर, म्हणून शंभर मीटर लांबीची वाडी तेथे दोन मिलिमीटरची होते. उच्च, मध्यम व कमी या तीन वर्गांपैकी आपले घर नेमके कोणत्या वर्गात येते, हे अशा नकाशावर शोधणे योग्य नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. हा नकाशा उतार कोठून सुटू शकतो ते सांगतो. सुटलेली दगडमाती कोठपर्यंत जाईल, ते सांगत नाही. ३० जुलै २०२४ रोजी वायनाडमध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर सुटलेला लोंढा नदीच्या पात्रातून जवळजवळ आठ किलोमीटर वाहत गेला आणि मुंडक्कई व चूरलमला ही गावे त्याच्या वाटेत सापडली. म्हणून पायथ्याच्या गावाने केवळ स्वतःच्या जागेचा वर्ग न पाहता वरचा संपूर्ण डोंगर, त्यातून गावाकडे उतरणारे ओढे आणि त्या ओढ्यांच्या माथ्यावरील उतारांचा वर्ग पाहिला पाहिजे.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधानसभेत सांगितले होते. गावांची यादी आणि उतारांचा सलग नकाशा यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे, कारण यादीत नाव नसलेल्या वाडीबद्दल यादी काहीच सांगत नाही, नकाशा मात्र प्रत्येक उताराला कोणता ना कोणता वर्ग देतो. यासाठीच तालुका पातळीवरील आपत्ती व्यवस्थापन, रस्त्याची आखणी आणि पुनर्वसनाच्या जागांची पहिली निवड या कामांसाठी मी हा नकाशा निःसंकोच सुचवीन. घर, शाळा किंवा अंगणवाडी बांधण्याच्या निर्णयासाठी तो पुरेसा नाही. तेथे १:१०,००० किंवा त्याहून मोठ्या, म्हणजे अधिक तपशील दाखवणाऱ्या, प्रमाणावरील सर्वेक्षण आणि भूवैज्ञानिकाची प्रत्यक्ष पाहणी लागते. पावसाळ्यापूर्वी ही पाहणी कोठे आधी करायची, याचा क्रम लावण्यासाठी मात्र आज तालुक्याच्या हाती यासारखे दुसरे साधन मला दिसत नाही.