मादागास्करचे जंगल: राष्ट्रीय उद्यानाला साहाय्य करावे की गावाच्या राखीव वनाला?

मादागास्करच्या वनसंरक्षणासाठी निधी देऊ इच्छिणाऱ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात: कायद्याने कडक संरक्षण दिलेले राष्ट्रीय उद्यान किंवा गावकऱ्यांच्या व्यवस्थापनाखालील वन. १९५३ ते २०१४ या काळात या बेटावरील सुमारे ४४ टक्के नैसर्गिक जंगल नष्ट झाले. भातासाठी जंगल तोडून व जाळून केली जाणारी फिरती शेती, म्हणजे तिथली 'तावी', आणि स्वयंपाकासाठी लागणारा लोणारी कोळसा ही त्याची मोठी कारणे आहेत. दोन्हींच्या मुळाशी गरिबी असल्यामुळे केवळ पहारा वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

आग्नेयेकडील रानोमाफाना हे पहिल्या पर्यायाचे ठळक उदाहरण आहे. १९८६ मध्ये इथे सोनेरी बांबू लेमूर हा विज्ञानाला अपरिचित, माकडासारखा प्राणी सापडला आणि १९९१ मध्ये सुमारे ४१,६०० हेक्टरांचे उद्यान स्थापन झाले. हा लेमूर महाकाय बांबूचे कोवळे कोंब खातो. त्यांत इतके सायनाइड असते की तेवढ्या मात्रेने त्याच्या आकाराचा दुसरा प्राणी दगावेल. इतक्या विशिष्ट आहारावर जगणाऱ्या जातीला गावाशेजारचा रानाचा तुकडा पुरत नाही; तिला सलग, ओले, बांबूने भरलेले अरण्यच लागते. मात्र उद्यानाच्या सीमेमुळे भोवतालच्या तनाला लोकांची तावी, मध आणि ओढ्यांतील झिंगे यांवरची वहिवाट आक्रसली. त्यांचे हे नुकसान संवर्धनाच्या हिशेबात धरलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय राजपत्रातील संरक्षण दरवेळी प्रत्यक्षात उतरतेच असे नाही. २००९ च्या राजकीय पेचप्रसंगात ईशान्येकडील मारोजेजी आणि मासोआला या उद्यानांतून रोझवुड या मौल्यवान लाकडाची उघड लूट झाली. परिणामी रानोमाफानासह सहा उद्यानांचा मिळून बनलेला जागतिक वारसा २०१० मध्ये युनेस्कोच्या धोक्यातील स्थळांच्या यादीत गेला, तो २०२५ मध्ये बाहेर आला.

दुसऱ्या पर्यायाला १९९६ च्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार स्थानिक समूहाशी करार करून जंगलाचे व्यवस्थापन त्याच्याकडे सोपवता येते आणि गावाने ठरवलेल्या नियमांना, म्हणजे 'दिना'ला, मान्यता मिळते. आंबालावाओ शहराजवळील आन्झा हे राखीव वन जेमतेम तीस हेक्टरांचे आहे, पण तिथे काळ्या-पांढऱ्या कड्यांच्या शेपटीचे लेमूर मोठ्या संख्येने राहतात. डोंगरकड्यांमधील पूर्वजांच्या समाध्यांमुळे तिथले बेत्सिलेओ लोक ती जागा आधीपासूनच पवित्र मानत. त्या श्रद्धेला पुढे पर्यटनाच्या उत्पन्नाची जोड मिळाली. वाटाडे गावातलेच असतात, शुल्काचा पैसा शाळा व रोपवाटिकेकडे वळतो. या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

तरीही आन्झाला नमुना मानताना सावध राहावे. ते हमरस्त्यालगत आहे आणि तिथले लेमूर सहज दिसतात. दूरवरच्या वनसमूहांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही, आणि उत्पन्नाविना केवळ निर्बंध पाळणे त्यांना फार काळ परवडत नाही. २०२० मध्ये सीमा बंद होऊन पर्यटक थांबले, तेव्हा दोन्ही व्यवस्थांची मिळकत आटली.

माझा कौल असा: एखादी दुर्मीळ जाती वाचवणे हाच हेतू असेल आणि निधी मोठा व अनेक वर्षांचा असेल, तर उद्यान निवडावे, पण त्यातला ठरावीक वाटा सीमेवरील गावांच्या, जंगल न तोडता होणाऱ्या भातशेतीसाठी राखून ठेवण्याची अट घालावी. निधी माफक असेल तर निःसंशय गावाकडे जावे, आणि तेही रस्त्यापासून दूरच्या. देण्यापूर्वी त्यांचा करार चालू आहे का, हे अवश्य विचारावे: पहिला करार तीन वर्षांचा असतो आणि मूल्यमापनानंतर तो दहा वर्षांसाठी वाढवता येतो. मूल्यमापन रखडले असेल, तर पहिली रक्कम त्याच कामासाठी द्यावी, कारण करार संपलेल्या समूहाला बाहेरून आलेल्या तोडकऱ्यांना अडवण्याचा अधिकृत आधारच उरत नाही.