बायकोचा संगणक: जुनाच सुधारायचा की नवा घ्यायचा?
घरचा डेस्कटॉप चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम ४ जीबी. बायको त्यावर बचत गटाचे हिशेब लिहिते, गावातल्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देते.

जुनाच ठेवायचा तर आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क. चालू व्हायला मिनिटं लागायची, ती सेकंदांवर येतात. खर्चाच्या मानानं याहून मोठा फरक कशानंच पडत नाही. रॅम ८ जीबी करावी, पण या बोर्डाला डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते. डीडीआर४ची पट्टी खाचेत बसतच नाही. खरी अडचण पुढंच आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर अन् टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली चालेल, पण नवीन शिकायला तिला सोयाबीनच्या हंगामात वेळ कुठला?

नवा लॅपटॉप महाग, दुरुस्तीला थेट यवतमाळ गाठावं लागतं. पण लाइन गेली तरी अर्ज अर्धवट राहत नाही, डेस्कटॉपचा यूपीएस तेवढा दम धरत नाही.

लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती तिच्या हातून जातात, म्हणून माझं मत लॅपटॉपला. नुसते हिशेबच असते तर एसएसडीवर भागलं असतं. रंग-कंपनी तिनंच ठरवावी, वापरणार ती आहे.